अठराव्या अँगलपासून

शुक्रवार, ८ एप्रिल २००५. दिंडोरी.

नाशिक जिल्ह्यातल्या फोटोग्राफर बंधूंनो! दोन दिवाळ्या जुन्या शर्टावर काढून तुम्ही ती लांब पल्ल्याची लेन्स घेतलीत. खेळाडूच्या डोळ्यावर फोकस धरलात, आणि फोटोत डोळा पुसट आला; धारदार आलं ते त्याच्या पुढ्यातलं गवत. लेन्स मुंबईला कंपनीकडे पाठवलीत. एकदा, दोनदा, तीनदा. तीनही वेळा तीच चिठ्ठी परत आली : 'तपासणी केली. दोष नाही.' मग दोष कुणात आहे? तुमच्या बोटात? तुमच्या डोळ्यात?

भाषणाची सुरुवात अशी करायची ठरवली आहे. रविवारी, चोवीस तारखेला, याच ठिकाणी, संघटनेच्या चाळीस सभासदांसमोर. तोवर रोज जे करीन ते या वहीत लिहीन आणि त्या दिवशी वही जशीच्या तशी वाचून दाखवीन. मला सेक्रेटरी केलं ते गोड बोलण्यासाठी नव्हे. पुरावा हवा, आणि पुरावा मोजून घ्यायचा असतो.

मालेगावचा स्टुडिओ पंधरा दिवस बंद ठेवून आज दुपारी एसटीनं आलो. मुक्काम गोरक्षच्या द्राक्षबागेत, पंपाच्या खोलीला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये. खाट आहे, पंखा आहे, माठातलं पाणी थंडगार आहे. माणसाला आणखी काय लागतं?

बागच का, असं योगेशनं विचारलं होतं. योगेश हा आमचा देवळाली कॅम्पचा सभासद, लष्करी परेड आणि क्रीडास्पर्धांचे फोटो काढणारा. गोरक्ष त्याचाच मित्र. कारण साधं आहे. खरड छाटणी नुकतीच झाली आहे. वेलीवर पान नाही, ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत आरपार दिसते, आणि तिच्यात दर आठ फुटांवर तारा बांधायचा लोखंडी अँगल उभा आहे. जमिनीवर आयती रोवलेली फूटपट्टी! माझ्या ट्रायपॉडपासून सुरुवात करून तीस अँगलांवर पांढऱ्या रंगानं आकडे घातले. फोटोत जो आकडा धारदार येईल, तिथे लेन्सनं पाहिलं. बस. इथे कंपनीला पळायला जागा नाही.

गोरक्ष म्हणाला, दादा, आजवर लोकांनी माझी द्राक्षं मोजली, अँगल मोजणारे तुम्ही पहिलेच.

उद्या समोर उभं राहायला केरूबाबा येणार आहेत. साठीचे, बागेत वीस वर्षं कामाला. त्यांच्या छातीवर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा पुठ्ठा बांधून पाहिला, कारण लेन्सला धरायला ठळक खूण लागते. बाबांनी विचारलं, इलेक्शनला उभं करता का काय, आन चिन्ह कंचं? त्यांची बायको चिमणाबाई तोंडाला पदर लावून हसली. लय वर्षांनी कुणीतरी यांचा फोटो काढतंय, म्हणाली, नाक तेवढं जरा बारीक येऊ द्या.

शनिवार, ९ एप्रिल

जिंकलो!

सकाळी आठ ते दहा. सहा सभासदांच्या सहा लेन्स, तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या. प्रत्येकीचे पाच फोटो, एकूण तीस. केरूबाबा बावीस नंबरच्या अँगलजवळ उभे. दरवेळी बटण अर्धं दाबलं, लेन्स झटकन फिरली, टीं वाजलं, हिरवा ठिपका लागला : सापडलं, म्हणाली. योगेशचा लॅपटॉप उघडून फोटो मोठे केले. तीसच्या तीस फोटोंत केरूबाबा पुसट, आणि अठरा नंबरचा अँगल गंजाच्या पापुद्र्यासकट लख्ख.

रोलच्या जमान्यात हे पाप झाकलं जायचं. छोट्या कागदावर सगळंच बरं दिसतं. आता काचेवर नखाएवढी चूक हाताएवढी दिसते.

तीन कंपन्यांची चूक अगदी त्याच अँगलवर कशी पडते, हा प्रश्न मनात आला. उत्तरही आलं : चोरांची वाट एकच असते.

मग बाबांना चालत माझ्याकडे यायला सांगितलं. अठरा येईपर्यंत लेन्सनं त्यांना ओळखलंच नाही. अठरा ओलांडला आणि तिथून माझ्यापर्यंत एकेक पाऊल, एकेक सुरकुती नेमकी टिपली. बाबा म्हणाले, त्या अँगलपाशी पंपाच्या पहिल्या पाण्यावानी गार लागतं. ड्रिपची नळी फुटली असेल. पाहिली. फुटलेली नाही.

सोमवार, ११ एप्रिल

आज तीसही फोटोंत सतरा नंबर धारदार. अठरा नाही. म्हणजे दोष वाढतो आहे! वापरलं की बिघडतं, हे आता आकड्यानं सिद्ध.

चाळीस सभासदांना चाळीस पोस्टकार्डं टाकली. आपापली लेन्स आणि ट्रायपॉड घेऊन या, चाळीस डोळ्यांनी एकाच वेळी एकच चोरी पकडू, पत्रकारही येणार आहेत. शेवटी ठळक अक्षरांत लिहिलं : 'ऐन वेळी जो कच खाईल, तो कंपनीचा माणूस समजावा.' वाक्य जमलं आहे.

बुधवार, १३ एप्रिल

काल दोन फेऱ्या केल्या. सकाळच्या तीस फोटोंत सोळा, संध्याकाळच्या तीसांत पंधरा. आज चौदा. दर फेरीला बाबा त्या जागेतून चालत येतात. आता म्हणतात, गार लागत नाय, कान बसल्यावानी होतं तेवढं.

चहाच्या वेळी त्यांनी कप घ्यायला हात पुढे केला आणि मूठ कपाच्या वीतभर अलीकडेच मिटली. चिमणाबाईनं कप सोडला होता. फुटला. ती म्हणाली, ध्यान कुठंय, फोटोत गेलं का? बाबाही हसले. सगळे हसलो.

शुक्रवार, १५ एप्रिल

काल तेरा, बारा. आज अकरा. 

बाबा बांधावर चढताना पडले. पाय बांधावर ठेवायला गेले आणि तो बांधाच्या अलीकडे, मोकळ्या हवेत पडला. गुडघा सोलला. दिवसाढवळ्या, वीस वर्षं चढलेला बांध.

मोतीबिंदू असणार. या वयात होतोच. उद्या फोटो बंद, त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतो.

शनिवार, १६ एप्रिल

डॉक्टर तरुण पण चोख आहेत. अर्धा तास घेतला. बाबांनी पाटीवरचं शेवटच्या ओळीचं बारीक अक्षरसुद्धा वाचलं. मोतीबिंदू नाही, दाब नाही, पडदा शाबूत. मग डॉक्टरांनी पेन पुढे धरून म्हटलं, बाबा, हे घ्या. बाबांनी हवा धरली. पुन्हा. पुन्हा हवा. डॉक्टरांनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चिठ्ठी लिहिली.

'दोन्ही डोळे तपासले. दोष नाही.'

परतीच्या रिक्षातून बागेच्या फाट्याशी उतरताना चिमणाबाई हळूच म्हणाली, भाऊ, माझ्याकडं बघत्यात, पन त्यांची नजर माझ्यापर्यंत येत नाय. मधीच थांबती.

मी म्हणालो, अशक्तपणा असेल. असं मी म्हणालो. चाळीस वर्षं गावोगाव अंधश्रद्धेविरुद्धच्या सभांत उभं राहून लोकांना सांगत आलो की कारण शोधा, घाबरू नका. आणि तिला म्हणालो, अशक्तपणा असेल.

सोमवार, १८ एप्रिल

काल एक फेरी केली. दहा. बाबा चालले. मी चालवलं. हे लिहून ठेवतो.

आज सकाळी त्यांनी तव्यावरची भाकरी उलटायला हात घातला. हात तव्यापर्यंत गेला नाही. तव्याच्या अलीकडे, चुलीच्या तोंडात थांबला. मनगटापर्यंत भाजला आहे. दवाखान्यातून पट्टी बांधून आणलं.

मग मी एकट्यानं कॅमेरा लावला. ओळीत कुणीही नाही. खरं तर रिकाम्या हवेवर लेन्सला काही सापडत नाही. तिनं पुढे-मागे फिरत घरघरत राहायचं असतं, नाहीतर मागचा बांध धरायचा असतो. तिनं काहीच शोधलं नाही. बटण अर्धं दाबताक्षणी टीं. हिरवा ठिपका. नऊ नंबरचा अँगल.

सहाही लेन्स. तीसही वेळा.

मंगळवार, १९ एप्रिल

जागा बदलली. दुसऱ्या ओळीच्या तोंडाशी ट्रायपॉड लावला : समोर काही नाही, टीं, आठवा अँगल. कॅमेरा बागेबाहेर काढून दिंडोरीच्या रस्त्याकडे वळवला. रस्त्यावर ट्रॅक्टर उभा होता. लेन्सनं ट्रॅक्टर धरलाच नाही. टेपनं मोजलं. फोकस माझ्यापासून छप्पन्न फुटांवर. म्हणजे सात अँगल.

ते ओळीत नाही. माझ्या समोर आहे.

मग शेडच्या भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवलं आणि तीस फुटांवरून तपासलं. अक्षर न् अक्षर धारदार. पुढे नाही, मागे नाही, केसाचा फरक नाही. सहाही लेन्स इतक्या नेमक्या आहेत, इतक्या नेमक्या मी आयुष्यात पाहिल्या नाहीत. जे त्याच्या अलीकडे आहे ते त्या अचूक टिपतात. त्याच्या पलीकडचं काहीही टिपत नाहीत.

कंपनी खरं बोलत होती. दोष नाही. समोर जे आहे त्यावरच फोकस बसतो आहे.

बुधवार, २० एप्रिल

सगळे आकडे एका कागदावर मांडले. ते दिवसांनी पुढे येत नाही. ज्या दिवशी फेरी झाली नाही, त्या दिवशी ते हललं नव्हतं. दोन फेऱ्या झाल्या तेव्हा दोन अँगल आलं. एक फेरी म्हणजे तीस वेळा बटण.

खात्री करायला हवी होती. केली. पंधरा वेळा दाबलं : सात. आणखी पंधरा : सहा. मग हात काढला.

तीस वेळा त्याच्यावर फोकस बसला की ते आठ फूट पुढे येतं. बोलावतो आहोत आपण. अठराव्या अँगलपासून इथवर मीच बोलावलं. मोजून, नेमानं.

सगळ्या लेन्सना झाकणं लावली.

गुरुवार, २१ एप्रिल

योगेश मोटरसायकलवर आला. सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, मग झाकण काढलं आणि रिकाम्या ओळीवर दाबत सुटला. मी हात धरला तर म्हणाला, अहो सेक्रेटरी, हवेवर फोकस बसतोय, याहून मोठा पुरावा कोणता? केस जिंकलो आपण! बाबांचा भाजलेला हात दाखवला. म्हणाला, म्हाताऱ्या माणसाचे हात थरथरायचेच. त्याची लेन्स देवळालीत गवत धरायची, एवढंच त्याला ठाऊक होतं. इथे ती काय धरते हे पाहायला तो तयार नव्हता.

त्यानं दाबलेलं मी मोजत होतो. साठ.

आता चौथ्या अँगलवर. बत्तीस फूट.

शुक्रवार, २२ एप्रिल

हिशोब सोपा आहे. चार अँगल, दर अँगलला तीस. एकशेवीस. चाळीस माणसं रविवारी येणार. प्रत्येकानं तीन वेळा दाबलं की ते आमच्यातून जाईल. एका माणसाला रोज दोन पावलांपुरतं शिवून त्यानं काय केलं ते मी पाहिलं आहे. इथे चाळीस जण बांधावर ओळीनं उभे असतील. चाळीस माणसांचे डोळे. चाळीस घरांतल्या चुली, रस्ते, लेकरं.

दिंडोरीच्या एसटीडी बूथवरून दिवसभर फोन केले. बावीस जण लागले. येऊ नका, म्हणालो, सभा रद्द. कारण विचारलं. सांगितलं. एक जण इतका हसला की त्यानं फोन बायकोला दिला. एकानं विचारलं, कंपनीची नवी लेन्स घरपोच आली का? आणि सिन्नरच्या सभासदानं माझं पोस्टकार्डच फोनवर वाचून दाखवलं. ऐन वेळी जो कच खाईल. मी लिहिलेलं. ठळक अक्षरांत.

ते येणारच, म्हणाले. आता तर नक्कीच.

गोरक्षला म्हटलं, फाटक लाव. तो म्हणाला, दादा, मांडव पडला, चहाचा माणूस सांगितला, पेपरात बागेचं नाव येणारे. आणि जे दिसत नाय ते हाय कसं म्हणायचं? गावोगाव मी लोकांना हेच विचारत आलो.

शनिवार, २३ एप्रिल

पळून जाता येईल. दुपारची मालेगाव गाडी समोरून गेली. पण मी गेलो तरी ते चाळीस इथे येतील, आणि त्यांना कुणी काही सांगणारसुद्धा नसेल. बोलावलं मी. थांबवायचंही मीच.

पण जे स्वतः तपासलं नाही ते दुसऱ्याला सांगू नये, हा माझा नेम. सकाळी दहा वाजता, लख्ख उन्हात, ओळीतून चालत गेलो. पहिला अँगल. दुसरा. तिसरा. काही नाही, माती तापलेली. चौथ्यापाशी —

गार नाही. कान बसले. मग असं वाटलं की माझ्याकडे कुणीतरी पाहतं आहे आणि ते बरोबर माझ्यावर येऊन थांबलं. नेमकं. मला इतकं नेमकं आजवर कुणी पाहिलेलं नाही.

धावत बाहेर आलो. माठावरचा पेला घ्यायला गेलो. हवा धरली.

चिमणाबाईनं पाहिलं. तिला सांगावं लागलं नाही. तिनं बाबांचा चौकटींचा पुठ्ठा आणला आणि चुलीत घातला. उद्या हे चालणार नायत, म्हणाली, आन तुमी बोला. तुमचं बोलणं लोक ऐकत्यात ना?

लिहिताना पेन कागदाच्या वर थांबतं. दाबून खाली न्यावं लागतं. अक्षर रेघेवर बसत नाही.

रविवार, २४ एप्रिल

सकाळचे नऊ. आले. गाड्या लागल्या. बांधावर ट्रायपॉड, एकाला एक लागून. मोजले. चाळीस.

साडेनऊ. बोललो. फोटोग्राफर बंधूंनो म्हणालो. पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, सेक्रेटरी, बघताय कुणाकडं? हसू फुटलं. माझी नजर त्यांच्या तोंडांपर्यंत पोचत नव्हती. मधेच थांबत होती. सकाळीच घेऊन आलाय, कुणीतरी म्हणालं. वही वाचायला घेतली, पान उलटायला बोट पानाच्या अलीकडे —

योगेशच्या कॅमेऱ्यावर झडप घातली. मुठीत काही आलं नाही. पडलो. गोरक्षनं उचलून शेडच्या ओट्यावर बसवलं. दादा, शांत बसा, म्हणाला. पाणी दिलं. पेला हातात धरून दिला.

चिमणाबाई शेजारी आहे. हे पान फाडून तिच्याकडे देतो. ती पळत नेईल. योगेशच्या हातात देईल. माझं तोंड पाहून हसतात, कागद पाहून तरी —

टीं. एकदम सगळे. चाळीस.

काही जण ओरडले. हवेवर बसला, हवेवर बसला! टाळ्या. टाळ्या वाजवताहेत.

पुन्हा. ऐंशी. कुणीतरी आकडा वाचला, दुसरा अँगल. पुन्हा टाळ्या.

आता एकेक. ब्याऐंशी. पंच्याऐंशी. पुढचे लोक कान चोळताहेत.

योगेश, आणि बांधावरचे सगळे. माझ्यावर विश्वास ठेवू नका. कंपनीला हव्या तेवढ्या शिव्या द्या. फक्त एक करा. लेन्सच्या डाव्या अंगाला छोटं बटण आहे. ते ऑटोवरून मॅन्युअलवर ढकला, मग लेन्स आपणहून काही धरणार नाही. एवढंच. बोट शटरवर असलं तरी चालेल. पण ते बटण आधी — अठ्ठ्याण्णव — ढकला, सगळ्यांनी, शेजारच्याचंही — एकशे सात — आत्ता, डाव्या अंगाला, ढक